साळिंदरबुवांची वाटी

फार मागची गोष्ट. त्या दिवशी हवा इतकी कोंदली होती, की ओढ्याकाठचं एक पान हलत नव्हतं. तरी साळिंदरबुवा काटे फुलवून बिळाच्या तोंडाशीच बसलेले. पलीकडच्या काठावर अस्वल राहायला आलं होतं ना! बुवांना राखण सोडवेना, आणि आत पिल्लं उपाशी.

साळिंदरीण वैतागली. "राखण करून पोट भरतं का हो?" म्हणत तिनं कंद उकरले, आणि कवठाच्या कवटीची वाटी भरून अस्वलाला देऊन आली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही त्या रानाची रीत. वाटी मधानं भरून आली. पुन्हा कंद गेले, मोहाची फुलं आली. पिल्लं बाळसं धरू लागली.

त्या पिल्लांवर डोळा असलेलं तरस एकदा येऊन म्हणालं, "बुवा, अस्वल तुमच्यावर चालून येतंय!" साळिंदरिणीला बिळाच्या तोंडाशी बसवून बुवा काटे खळखळवत ओढ्यावर धावले. अस्वल मोहाखाली फुलं वेचत होतं. बुवांचा अवतार पाहून त्याला हसू फुटलं.

"काटे मिटा, बुवा! तुमची वाटी माझ्याकडं आहे, ती भरून दिल्याशिवाय भांडू कसं? आणि दिली, की परतफेडीत तुम्ही अडकलात!"