लच्छूच्या नावाची कडी

फार वर्षांपूर्वी, आमच्या मोहटोल्यात जंगल दारापर्यंत होतं तेव्हा, इथे लच्छू मडावी नावाचा माग काढणारा राहायचा. दगडावरून गेलेलं जनावरही त्याला कळे, असं म्हणतात.

एकदा मोठ्या शिकारीचा नाद असलेला एक साहेब आला. त्याच्याकडे दांडीची रायफल होती. दांडी मागे ओढून पुढे सारली, खटक्-खटाक, की आधीची बाहेर नि नवी गोळी नळीत. त्यानं रानगव्यावर बार काढला. गवा पडला नाही, जखमी होऊन बांबूत शिरला. साहेबाला परत जायची घाई. त्यानं रायफल लच्छूच्या हातात दिली नि म्हणाला, "उरलेलं तू कर."

आता आमच्याकडे रीत अशी, की जखमी जनावर मागे सोडून शिकाऱ्यानं शीव ओलांडायची नाही. त्याच्यामागे ते गावात येतं. गोळी साहेबाची होती, पण बंदूक लच्छूच्या खांद्यावर. गावानं त्याला शिवेवरच थांबवलं. मला विचाराल तर हा अन्यायच. पण तेव्हा मला कोण विचारणार!

लच्छू गव्यामागे फिरू लागला. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. तो इतका गप्प झाला, की पाखरं रायफलच्या नळीवर बसत, असं म्हणतात. दिवस मावळताना मात्र तो शिवेजवळ येऊन दांडी वाजवी, खटक्-खटाक. म्हणजे, मी आहे. शेवटच्या घरातून त्याची बायको जैतू दाराची कडी मागेपुढे सारी. म्हणजे, ऐकलं.

आंबिलीचं गाडगं ठेवायला ती शिवेवर गेली की ओरडे, "अवो, बंदुकीसंगच संसार मांडला का?"

"ते तुयापेक्षा कमी बोलते!" झाडांतून उत्तर येई.

शेवटी एका संध्याकाळी झऱ्यावर गवा भेटला. म्हातारा, लंगडा, जखमी झाल्यापासून कळपानं टाकलेला. लच्छूनं नेम धरला. गवा पळाला नाही, अंगावरही आला नाही. पाणी प्यायला आणि बाजूला सरकला, त्यालाही जागा करून दिल्यासारखा. हे कुणी पाहिलं, असं माझी मुलगी विचारते. मी गोष्ट पुढे नेते.

त्या संध्याकाळी गावानं दांडीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, बार मात्र एकही नाही. सकाळी शिवेच्या दगडावर न झाडलेल्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. चिखलात माणसाची पावलं आणि गव्याचे खूर शेजारी शेजारी, जंगलाकडे गेलेले.

गवा जिवंत, म्हणजे लच्छूला घर नाही. जैतूला ते कळलं. तरी मरेपर्यंत ती कडी वाजवत राहिली.

अजूनही मोहटोल्यात तिन्हीसांजेला कडी एकदा लावून उघडतात, जरा कान देतात, मगच दार बंद करतात. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मूल झाल्यापासून चुकवत नाही. न वाजवून कुणाचं घर चुकलं तर?

काल मुलगी म्हणाली, "आई, तो आला तर गवापण येईल?"

"येऊ दे. आंबील आहे दोघांपुरती."

म्हटलं खरं, आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिले.