घाम येणारा माठ

सावलीसुद्धा झाडाला चिकटून बसायची, इतकं ऊन पडणाऱ्या एका माळावरच्या गावात एक कुंभारीण राहत होती. दर उन्हाळ्यात ती वेशीवरच्या कडुलिंबाखाली पाणपोई चालवायची. तेवढाच तिचा आनंद होता.

एका वर्षी विहीर आटत आली. तेव्हा गावातला शेठ पंचांना म्हणाला, "हिच्या माठाखालची वाळू पाहा, सदा ओली! माणसांना पाणी नाही आणि ही जमिनीला पाजते. पाणपोई माझ्याकडे द्या. थेंबही वाया जाणार नाही."

पंच म्हणाले, "दोघंही एकेक माठ भरून ठेवा. दुपारी जो पहिला वाटसरू येईल, तोच ठरवेल."

शेठने कुंभारणीकडूनच नवा माठ घेतला. घरी नेऊन त्याला बाहेरून जवसाचं तेल चोळलं, वरून लाख लावली. माठ आरशासारखा चमकू लागला.

शेजारीण घाबरली. "अगं, तूही तेल लाव. नाहीतर पाणपोई जाईल हातची!"

कुंभारणीचा हात तेलाच्या वाटीकडे गेला आणि परत आला. "नको गं. घाम आल्यावर वारा लागला की आपल्याला कसं गार वाटतं? माठाचंही तसंच." तिने माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तो वाऱ्याच्या वाटेवर ठेवला.

दुपारपर्यंत तिच्या माठातलं पाणी चार बोटं खाली गेलं.

"मावशी, पळालं की तुमचं पाणी!" शेठ हसला. "आमचं बघा, काठोकाठ."

कुंभारणीने माठावरचं फडकं नीट केलं. तिचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं.

तेवढ्यात एक मेंढपाळ आला. शेठच्या माठातलं पाणी त्याने एक घोट प्यायलं आणि उरलेलं पायांवर ओतलं. "शेठ, अंघोळीला बरं आहे हे!"

मग त्याने कुंभारणीच्या माठातलं पाणी तोंडाला लावलं. त्याचे डोळे आपोआप मिटले. रिकामं भांडं पुढे करत तो एवढंच म्हणाला, "आई, अजून."

शेठने दोन्ही माठांना हात लावून पाहिला. एक कोरडा आणि कोमट, दुसरा ओला आणि गारेगार. "माती तीच, विहीर तीच. मग असं कसं?"

कुंभारीण म्हणाली, "शेठजी, बाहेर झिरपलेलं पाणी सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. तुम्ही त्याला बाहेर पडूच दिलं नाहीत."

शेठने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी तो घरची घागर घेऊन कडुलिंबाखाली यायचा आणि कमी झालेलं चार बोटं पाणी गुपचूप भरून जायचा.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जो थोडं सोडायला तयार असतो, त्याच्याकडचं उरलेलंच दुसऱ्याची तहान भागवतं.