न घडलेला अपघात दरबारात हजर!

मनोऱ्यावरून आणखी एक गवंडी पडला, तेव्हा वज्रपूरचा राजा रणधवल भलताच संतापला. मनोऱ्यावर नव्हे, गवंड्यावर!

"कामाच्या वेळेत खाली येतोच कसा हा?" तो गरजला.

हा विजयमनोरा होता. राजानं अजून एकही लढाई जिंकली नव्हती. पण ऐन वेळी धांदल नको, म्हणून मनोरा आधीच बांधायला घेतला होता. भोवती बांबूची परांची. तिच्यावर अरुंद फळ्या टाकलेल्या. त्यांना ना कठडा, ना धरायला दोर. कठड्यानं मनोऱ्याची शोभा जाते, असं राजाचं मत होतं.

पडलेला बाबजी पाय मोडून घरी निजून होता. प्रधान धुंडोपंतांनी गादीवर बसल्या बसल्या कसून चौकशी केली.

"सरकार, परांची निर्दोष आहे. गवंडीच बेसावध! खाली एक पाटी लावू, 'जपून चाला'."

"पण या लोकांना वाचता येत नाही."

"म्हणून तर मोठ्या अक्षरांत लावू! शिवाय पडेल त्याला दहा फटके. मग बघा, कोण पडतोय!"

दवंडी पिटली गेली. दुसऱ्या दिवशी परांचीवर एकही माणूस चढला नाही. राजा तणतणत मनोऱ्यापाशी आला, तर चुना कालवणारी ठकू पुढे झाली. ही बाबजीची धाकटी बहीण. कोपरापर्यंत हात चुन्यानं पांढरे, जीभ मात्र तिखट.

"महाराज, कठडा बांधा, मग चढतो."

"पंत म्हणतात, तिथं धोका नाही."

"पंत उभे आहेत तिथं नाहीच! महाराज, उंची हा धोका. मनोरा म्हटला की तो असणारच. पण बिनकठड्याच्या फळीवर माणूस चढवला की त्याची जोखीम होते. उंची तुमची, जोखीम आमची!"

"मग डोक्याला जाड पागोटी बांधा की!" धुंडोपंत म्हणाले. "पडलात तरी डोकी शाबूत राहतील."

"पागोटं सगळ्यात शेवटी, पंत! जे काम जमिनीवर होईल ते आधी जमिनीवर करा. मग कठडा, मग कमरेला दोर, मग तुमचं पागोटं. तुम्ही तर पाटीपासूनच सुरुवात केलीत! आणि परवा विटा वाहणाऱ्या पुतळाकाकूच्या पायाखालची फळी सटकली. बांबूला लोंबकळून वाचली बिचारी. त्याची चौकशी का नाही केलीत?"

"पडली कुठं ती? जे घडलंच नाही, त्याची चौकशी कसली?"

"तेव्हाच तर करायची! त्याच फळीवरून दुसऱ्या दिवशी माझा भाऊ पडला."

राजानं मिशीला पीळ दिला. "म्हणजे न घडलेल्या अपघाताला आम्ही भ्यायचं? ठीक आहे! उद्या तो न घडलेला अपघात दरबारात हजर कर. आम्हाला प्रत्यक्ष दिसला पाहिजे, आणि कुणाला खरचटताही कामा नये. जमलं तर मागशील ते देऊ. नाही जमलं, तर कळसाची वीट तूच बसवायची. कठड्याशिवाय!"

ठकू लगेच "बरं" म्हणाली.

घरी बाबजीनं कपाळावर हात मारला. "अगं, माफी मागून मोकळी हो!"

"मी माफी मागितली, तर पाय बरा झाल्यावर तू पुन्हा त्याच फळीवर चढशील. ते मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती परांचीवरची एक फळी घेऊन दरबारात आली. फळी जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "महाराज, एवढं चालून दाखवा."

राजा ऐटीत चालला. वळून पुन्हा चालला. दरबारी "वाहवा!" म्हणाले. धुंडोपंतांना तर गहिवरून आलं.

मग ठकूनं सगळ्यांना वरच्या सज्जात नेलं आणि तीच फळी समोरच्या सज्जापर्यंत टाकली. खाली फरसबंद चौक.

"आता इथून चला."

"आधी पंत जातील," राजा म्हणाला.

"माझ्या गुडघ्यात आजच वात भरलाय, सरकार!"

राजानं पाऊल उचललं, खाली पाहिलं आणि तसाच थबकला. पाऊल मागं आलं. हातांनी खांब गाठला. कपाळावर घामाचे थेंब तरारले.

"फळी तीच, पाय तेच, महाराजही तेच," ठकू म्हणाली. "मग थांबलात का?"

"अगं, पडलो तर?"

"पण पडलात कुठं, महाराज?"

"पडलो नाही, पण..."

"मग हा घाम कसला? हाच तो न घडलेला अपघात! भर दरबारात हजर आहे आणि कुणाला खरचटलेलंही नाही. नीट बघून घ्या. आम्हाला तो रोज भेटतो!"

तेवढ्यात धुंडोपंत पुटपुटले, "सरकार, इथं एखादी पाटी असती तर..."

राजानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याला असं काही हसू फुटलं, की खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारावी लागली!

"हरलो! माग, काय हवं ते!"

"परांचीला कठडा, प्रत्येकाच्या कमरेला दोर. पडेल त्याला फटके नव्हेत, औषधपाणी. आणि बाबजी चालू लागेपर्यंत घरी शिधा."

"दिलं! शिवाय आजपासून मनोऱ्याची मुकादम तू. तू म्हणशील तेव्हाच काम सुरू, तू म्हणशील तेव्हा बंद! सोड बरं तुझा पहिला हुकूम!"

ठकूनं पदर खोचला आणि शिपायांना हाक मारली, "बघता काय रे? महाराजांचे हात खांबापासून सोडवा आणि त्यांना सांभाळून खाली उतरवा!"