तीन महाल आणि एक झरा

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक राजा राहत होता. मनानं चांगला, पण अंगानं नाजूक. उन्हाळा त्याला बिलकूल सोसत नसे.

एका वर्षी ऊन जरा जास्तच तापलं. राजानं चढावर गार महाल बांधायला सांगितला. महाल म्हटला की चुना आला, चुना म्हटला की भट्ट्या आल्या, आणि भट्ट्यांना लाकूड लागतंच. उतारावरचं रान तुटलं. महाल झाला, राजा वर गेला. पण रान गेल्यावर गारवा कुठला राहतोय? चार वर्षांत तिथंही अंग भाजू लागलं. मग राजानं आणखी वर दुसरा महाल बांधला, मग तिसरा, थेट माथ्यावर. दरबारात शहाणी माणसं होती हो, पण एकाच्याही डोक्यात उजेड पडेना!

राजाला रयतेची काळजी नव्हती असं नाही. घरोघरी चूल जपून पेटवा, दारात एक रोप लावा, अशी त्यानं दवंडी पिटवली. लोकांनी ऐकलंही. बाया शेजारणीच्याच चुलीवर आपली भाकरी भाजून घेऊ लागल्या. भट्ट्या मात्र दिवसाला चाळीस गाड्या लाकूड फस्त करत होत्या. सरकारी ना त्या!

राजाची पालखी वाहायला येसू भोई आणि त्याचे तीन सोबती होते. येसूचं गाव डोंगराखाली, एका झऱ्यावर जगणारं. रान तुटलं तसा झरा आटत गेला. आता एक घागर भरायला सकाळची दुपार व्हायची. झरा बंद पडला की गाव सोडायचं, असं गावकऱ्यांनी जड मनानं ठरवून टाकलं होतं.

वैशाखात पालखी माथ्यावर पोचली. तिथंही झळा लागत होत्या. आणखी वर चला, असा पडद्याआडून हुकूम आला.

येसूनं पालखी खाली टेकवली. "महाराज, याच्या वर आभाळ. तिकडंही चौघंच खांद्यावरून नेतात, पण ती पालखी वेगळी."

सोबत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. राजानं पडदा सारला. येसूनं हात जोडून त्याला खाली बघायची विनंती केली. माथ्यावरून सगळं दिसत होतं. बोडका डोंगर, धूर ओकणाऱ्या भट्ट्या आणि पार खाली झऱ्याशी घागरींची रांग.

"मी तर रयतेला सांगितलं होतं," राजा पुटपुटला.

"रयतेनं चुली विझवल्या, महाराज. तुमची भट्टी आम्ही कशी विझवायची?"

राजानं भट्ट्यांच्या धुराकडं एकवार पाहिलं. मग स्वतःलाच खदखदून हसला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

त्याच दिवशी भट्ट्या थंड झाल्या. डोंगरावर कुऱ्हाड बंद झाली. भट्टीवरच्या मजुरांना झाडं लावायचं आणि जगवायचं काम मिळालं. आणि झरा भरून वाहेपर्यंत उन्हाळ्याचा दरबार येसूच्या गावात भरेल, असं राजानं जाहीर केलं. पहिला उन्हाळा त्यानं घाम पुसत काढला. घाम पुसणाऱ्या राजाचे हुकूम भलतेच लवकर अमलात येतात बरं का!

झरा बारीक झाला, पण तुटला नाही. गाव जागेवर राहिलं. काही वर्षांनी डोंगर हिरवा झाला आणि राजा करंजाच्या सावलीत बसून न्यायनिवाडे करू लागला.

"महाराज, आमचा पालखीचा धंदा बुडवलात," येसू हसत म्हणाला, आणि झऱ्याचं गार पाणी त्याच्यापुढं धरलं.

तात्पर्य: चूल रयतेनं जपावी, पण सरकारी भट्टी राजालाच विझवावी लागते.