अर्ध्या पुलाचं पान

वडाच्या खोडावर जंगलाच्या कामांचा फळा असायचा, त्या काळातली ही गोष्ट. फळ्यावर 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' असे तीन रकाने कोरलेले होते. कामाची पानं एका रकान्यातून दुसऱ्यात लावायचं काम सुतारपक्ष्याचं. एका सकाळी खार शेंगा सोलत बसली असताना बातमी आली, की जंगलाचे प्रमुख हत्तीदादा यांनी सुतारपक्ष्याला कोरणी दिली आहे. आता तो रकानेसुद्धा बदलू शकतो.

खार धावतच गेली. 'चालू'मध्ये एकच पान उरलं होतं, ओढ्यावरच्या वेलींच्या पुलाचं. तो बांधणारा तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता.

"काम करणाराच नाही, मग चालू कसलं, वहिनी?" सुतारपक्षी ऐटीत म्हणाला. "हा रकाना खरवडून टाकतो. पण आधी तो रिकामा हवा, म्हणून पान 'झाले'मध्ये लावतो."

"आणि उद्या पिल्लं त्या पुलावरून पळाली, की मधोमध ओढ्यात पडतील! कोरणी मिळाली म्हणून पूल पुरा झाला का, भावजी?"

सुतारपक्षी वरमला. मग त्याने ठकठक करत नवा, ठळक रकाना कोरला: 'अर्धवट'. खारीने ते पान स्वतः तिथे लावलं.

पूल अजून पलीकडच्या काठाला पोहोचलेला नाही.