मोठ्या पेटीचा हट्ट

सरकारी डेटा सेंटरमध्ये सगळ्या जिल्हा रुग्णालयांच्या नोंदी एकाच अवाढव्य स्टोरेज पेटीत होत्या. पेटी रुसली की दारात तळमळणाऱ्या रुग्णाचा रक्तगटही दिसेनासा व्हायचा. तरी सचिव खानवलकरांना तिच्याहून मोठी पेटीच हवी होती, कारण मोठ्या वस्तूचं उद्घाटनही मोठं होतं.

इंजिनियर शबाना तांबोळी म्हणाली, "साहेब, साधे सहा सर्व्हर पुरतील. सॉफ्टवेअर माहितीचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतं. जागा कमी पडली तर सातवा जोडायचा."

"भंगाराची मोट बांधताय, मॅडम! हे बंद पडलं तर तुमची नोकरी गेली समजा."

"मग तुम्हीच पाडा बंद."

चाचणीसाठी शबानाने नोंदींची प्रत त्या सहा सर्व्हरवर ठेवलीच होती. सचिवांनी बाह्या सरसावल्या आणि एका सर्व्हरची वायर उपटली. पडद्यावर नोंदी उघडतच राहिल्या.

"योगायोग आहे हा!" सचिव गुरगुरले.

शबाना मोठ्या पेटीपाशी गेली आणि तिने मुख्य स्विचवर बोट ठेवलं. "आता हिचीही परीक्षा घेऊ?"

सचिव खुर्ची उलटवत धावले. "अहो, वेड लागलंय का? सगळी रुग्णालयं ठप्प होतील!"

"मीही तेच सांगत होते, साहेब," शबाना बोट काढत म्हणाली, "फक्त तुमच्याइतकं मोठ्यानं ओरडायची माझी हिंमत नव्हती."