फाट्यावरची झोप

"ज्याच्या येण्यानं कुणालाच बरं वाटत नाही, बाबा, त्या माणसानं त्या कामात राहावं कशाला?"

गुलाबशा बाबा चिंचेखालचा पाला हातानं गोळा करत राहिले.

विचारणारे होते फौजदार भास्कर सोनटक्के. कोर्टातलं काम उरकून वर्दीतच ठाण्याकडे परत निघाले होते, ते तळणी फाट्यावर मोटारसायकल थांबवून बाबांच्या तकियात, त्या फकिराच्या मठीत, शिरले. दरसाल उरुसाच्या बंदोबस्ताला यायचे, म्हणून ओळख. पण स्वतःचं काही गाऱ्हाणं घेऊन आजवर कधी आले नव्हते.

"सोमवारी राजीनामा देतोय," फौजदार म्हणाले. "सांगायला आलोय, विचारायला नाही."

"मग आत्ताचा सवाल कुणाला केलास, बेटा?"

फौजदार तिथल्या दगडाशेजारी खाली बसले.

म्हणाले, "जिल्ह्यात माझ्याइतक्या चोऱ्या कुणी उघडकीस आणल्या नाहीत. साहेब लोक नाव काढतात. पण डोळ्याला डोळा लागत नाही. घरात पाऊल टाकलं की पोरं टीव्हीचा आवाज बारीक करतात. बायको ताट वाढते आणि बाजूला होते..."

"कधीपासून?"

"तसं पहिल्यापासूनच. पण परवा..."

परवा धरणात कॉलेजातला एक पोरगा बुडाला होता. निरोप घेऊन शिपायाला न पाठवता फौजदार स्वतःच गेले. आईनं दार उघडलं, खाकी कपडे पाहिले, आणि एक शब्दही न ऐकता दार लावून घेतलं.

"मग?"

"मग काय... पायरीवर बसलो."

"का?"

"बाई घरात एकटी होती, बाबा. तशीच टाकून निघून कसा जाऊ?"

बाबांचा हात पाल्यावर क्षणभर थांबला.

तेवढ्यात रस्ता ओलांडून एक तरुण बाई आली. कडेवर तान्हं मूल, डोक्यावर बोचकं. सावलीच्या कडेला थबकली.

"सायेब, हितंच हाव न्हवं तुमी थोडा येळ?"

बोलणं तुटलं म्हणून फौजदार वैतागले. "आहे, आहे. बसा तिकडं."

आणि पुन्हा बाबांकडे वळले. आता बांध फुटल्यासारखे बोलत सुटले. ठाण्यात माणूस येतो तो काहीतरी बिघडल्यावरच येतो. एकाला आत घालावं तर दुसरा तयारच असतो. गवंडी संध्याकाळी मागं वळून भिंत तरी बघतो. शिंप्याच्या हातात सदरा असतो.

"मी काय दाखवू, बाबा? काय उभं केलं मी इतक्या वर्षांत?"

आवाज चढला होता. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं... मग तेच बोट फौजदारांच्या पाठीमागं केलं.

फौजदार वळले.

बाई बुंध्याला टेकून गाढ झोपली होती. मान कलंडलेली, तोंड जरासं उघडं. मूल मांडीवर आडवं पसरलेलं. बोचकं दूर, गाठ सुटून अर्धं उघडं पडलेलं, आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

"एसटीसाठी कधीची उन्हात उभी होती," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "समोर पुलाच्या कठड्यावर तिघं बसले होते. तिला बघून काहीबाही बोलत होते. मी हाक मारली तिला. पण हा म्हातारा वेळ पडली तर काय करणार? नाही आली. पोराला छातीशी धरून तशीच उभी."

फौजदारांनी पुलाकडं पाहिलं. कठडा रिकामा होता.

"मला तर कुणी दिसलं नाही."

"त्यांना तू दिसलास."

फौजदार उठायला गेले. त्या पोरांची नावं काढावीत, असं त्यांच्या मनात आलं असावं. बाबांनी बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"पण बाबा, मी तर काहीच केलं नाही. मी आपलं माझंच रडगाणं गात बसलो होतो."

बाबा नुसतं हसले.

फौजदार त्या झोपलेल्या मायलेकरांकडे बघत राहिले. मुलानं झोपेतच ओठ चोखले. बाईनं नीज न मोडता त्याच्यावर हात टाकला... फौजदारांच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरला. त्यांनी पाय पसरले, पाठ दगडाला टेकवली, टोपी काढून बाजूला ठेवली. घामेजल्या कपाळाला वारा लागला. किती दिवसांनी असं बरं वाटत होतं.



"बाबा," फौजदारांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं, "सोमवारचं काय करू?"

बाबांनी टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"घाल, बेटा. बाईला जाग येईल, तेव्हा तिला आधी टोपी दिसू दे."